एकटीनं प्रवासाला निघायचंय? सोलापूरच्या बायकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, शाळेचे गणवेश शिवते. गेली अकरा वर्षं वर्षातून तीन-चारदा एकटीच कुठंतरी जाऊन येते. भिशीत, कापडाच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत बायका मला बाजूला घेऊन तेच तेच प्रश्न विचारतात, आणि बहुतेक जणी आवाज खाली करून विचारतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. माझा अनुभव एवढाच आहे, की विचारायला शेजारी कुणी नसताना माणूस जे लहानसहान निर्णय घेतं, त्यातून धीर येतो. मग गाव अक्कलकोट असो नाहीतर काश्मीर.

तुम्ही स्वतः सुरुवात कशी केली?

त्रेचाळिसाव्या वर्षी, आणि तीही नाइलाजानं. पुण्यात बहिणीचं ऑपरेशन ठरलं होतं आणि इकडं आमच्या ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये. मुलाची परीक्षा. जायला तर हवंच होतं. एस.टी.त बसले. कंडक्टर आला, म्हणाला, "कुठं?" आणि माझी मान आपोआप शेजारच्या सीटकडं वळली. तिथं एक शाळकरी मुलगा दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. बावीस वर्षांच्या संसारात मी असंख्य वेळा एस.टी.त बसले होते, पण तिकीट एकदाही काढलं नव्हतं. ते ह्यांचं काम. कंडक्टरनं पुन्हा विचारलं तेव्हा "पुणे, एक" एवढे दोन शब्द बोलायला मला घसा खाकरावा लागला. इंदापूर येईपर्यंत ते तिकीट मी मुठीत धरून ठेवलं होतं. घामानं त्याचा पार लगदा झाला होता.

मला प्रवासाची भीती नव्हती हे नंतर लक्षात आलं. "कुठं?" या प्रश्नाचं उत्तर स्वतःच्या तोंडानं द्यायची सवय नव्हती.

देवदर्शनाला एकटीनं जाणं हा प्रवासच का?

हो, का नाही? आपल्याकडं बाईला घराबाहेर पडायला देवानंच सगळ्यात आधी वाट करून दिली. कोजागिरीला सोलापुरातून तुळजापूरला किती बाया रात्रभर चालत जातात ते बघा. पंचेचाळीस किलोमीटर, पायाला फोड, डोळ्यांवर झोप, तरी चालतात. त्यांच्यातल्याच कितीतरी जणी मला म्हणतात, "एकटीनं तुळजापूरला एस.टी.नं? नाही बाई." पायात एवढं बळ आहे तर एस.टी.ची पायरी चढायला का जड जावं? चालताना चहूबाजूंनी माणसं असतात, कुठं वळायचं ते कुणीतरी पुढं ठरवलेलं असतं. एस.टी.त ते आपल्याला ठरवावं लागतं. जड जातं ते तेवढंच.

पहिल्यांदा कुठं जावं?

दिवेलागणीच्या आत घरी परतता येईल असं गाव निवडा. सोलापूरकरांचं भाग्य असं, की चारी दिशांना अशी गावं आहेत.

मी सगळ्यांना अक्कलकोटपासून सुरुवात करायला सांगते. सुमारे चाळीस किलोमीटर, गाड्या भरपूर, स्वामींच्या दारी एकटं आलेलं माणूस कुणाला वेगळं वाटत नाही आणि दुपारी अन्नछत्रात पोटभर प्रसाद मिळतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. रेल्वेच्या यादीत 'अक्कलकोट रोड' दिसलं म्हणून तिथं उतरू नका. ते स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे. एस.टी.च बरी.

दुसरी फेरी तुळजापूरची. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा सोडून जा, नाहीतर सगळा दिवस रांगेत जाईल आणि ती गर्दीच तुम्हाला दमवेल.

तिसऱ्या वेळी नळदुर्ग. हे मी मुद्दाम सांगते, कारण तिथं देवाचं निमित्त नाही. बोरी नदी अडवून बांधलेली किल्ल्याची ती भिंत, तिच्या पोटातला पाणीमहाल, पावसाळ्यात भिंतीवरून कोसळणारे नर आणि मादी नावाचे दोन धबधबे. बघायचं आणि परत यायचं. नवस नाही, लग्न नाही, दवाखाना नाही. फक्त मला बघावंसं वाटलं म्हणून गेले, हे वाक्य बायकांना सगळ्यात अवघड जातं. माझ्या माहितीतली एक जण अक्कलकोटला दहा वेळा एकटी गेली, पण नळदुर्गला निघताना तिला घरी काय सांगावं ते सुचेना. शेवटी तिनं "किल्ला बघून येते" एवढंच सांगितलं. घरचे जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, छत्री घेऊन जा.

पंढरपूर पंच्याहत्तरेक किलोमीटर आहे. एकादशी टाळून गेलात तर चंद्रभागेच्या वाळवंटात निवांत बसता येतं. रेल्वेनं जायचं आणि थेट गाडी नसेल तर कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागते. गाडी बदलण्याचा सराव करायला ती जागा चांगली आहे.

मग विजयपूर, म्हणजे आपलं जुनं विजापूर. शंभरेक किलोमीटर, आणि राज्याची हद्द ओलांडायची. गोलघुमटात महंमद आदिलशहाची कबर आहे, सतराव्या शतकातली. वरच्या सज्जात भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पार पलीकडच्या टोकाला ऐकू जातं. मी गेले तेव्हा माझ्या पलीकडं माझं कुणीच नव्हतं. तरी हळूच म्हणाले, "कोण आहे का?" भिंतीतून एका मुलीचा आवाज आला, "हां, मैं हूँ." ती कुणाची कोण, मला आजही माहीत नाही.

घरच्यांना कसं सांगायचं?

यात माझ्या चुका झाल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्यांदा मी "जाऊ का?" असं विचारलं. या प्रश्नाला घरात एकच उत्तर असतं, आणि ते प्रेमापोटीच येतं: "कशाला एकटी? पुढच्या महिन्यात सगळे मिळून जाऊ." तो पुढचा महिना काही येत नाही.

आता मी बेत सांगते. "गुरुवारी सकाळी सातच्या गाडीनं नळदुर्गला जातेय, पाचपर्यंत परत. आमटी करून ठेवली आहे, भाकऱ्या टोपल्यात आहेत." दिवस, वेळ, गाव, परतीचा वेळ. त्यात लपवाछपवी नको. खोटं निमित्त सांगून गेलेल्या प्रवासात सगळं लक्ष खोटं सांभाळण्यात जातं आणि हाती काहीच लागत नाही.

सासूबाईंना सगळ्यात जास्त काळजी वाटायची. मी त्यांना पोचल्यावर फोन करायचे, आणि फोनवर "पोचले" म्हणून ठेवून न देता समोर काय दिसतंय ते सांगायचे. तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याच विचारायला लागल्या, "पुढच्या खेपेला कुठं जाणार गं?" त्या स्वतः माहेर आणि पंढरपूर सोडून कुठं गेल्या नव्हत्या.

गल्लीत मात्र विचारणारे विचारतातच. "काय करलालीस एकटी तिकडं?" त्यावर मी "बघून येते" एवढंच म्हणते आणि चालू लागते. जास्त खुलासा दिला की जास्त प्रश्न येतात.

खर्च किती येतो?

दिवसाच्या फेरीला थोडाच. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत बायकांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या सगळ्यांनाच अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत; वयाचा पुरावा जवळ ठेवा. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. विजयपूरला जाताना कर्नाटकातलं अंतर पूर्ण दरानं मोजतात. कर्नाटकच्या गाड्यांत बायकांना जून २०२३ पासून मोफत प्रवास आहे खरा, पण तो तिथल्या रहिवाशांना. आपण पूर्ण तिकीट काढायचं. पैसे मात्र स्वतःच्या कमाईतले किंवा साठवणीतले न्या. हा माझा आग्रह आहे.

रेल्वेचं आरक्षण मला जमेल का?

जमेल. पहिल्यांदा खिडकीवर जाऊन फॉर्म भरा, मोबाईलवर नंतर शिका. फॉर्मवर गाडीचा नंबर, तारीख, वय स्वतःच्या अक्षरात लिहिलं की पुढच्या वेळी भीड वाटत नाही. सध्या प्रवासाच्या ६० दिवस आधीपासून आरक्षण खुलं होतं. लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसमध्ये स्लीपर डब्यात एकट्या बाईसाठी, किंवा नुसत्या बायकाच असलेल्या गटासाठी, सहा बर्थचा महिला कोटा असतो. हे बऱ्याच जणींना ठाऊकच नसतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना खालचा बर्थ मिळण्याची सोय आहे, म्हणून वय चोरू नका.

सोलापूरहून पुण्याला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पहिल्या रेल्वे प्रवासाला उत्तम. उजेडात निघते, उजेडात पोचते. मुंबईला रात्रभराची सिद्धेश्वर आहे, आणि फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही. हुतात्मा हे नाव १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांचं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. त्या गाडीत बसताना मला दर वेळी त्यांची आठवण येते, म्हणून इथं लिहिलं.

एक कायदाही सांगून ठेवते. एकटी बाई किंवा मूल तिकिटाविना आढळलं तरी त्यांना रात्री गाडीतून उतरवता येत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १३९ मध्ये तशी तरतूद आहे. उतरवायचं तर दिवसा, आणि तेही तिनं प्रवास सुरू केला त्या स्टेशनावर, जंक्शनला, शेवटच्या स्टेशनावर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. विनातिकीट जा असं मी मुळीच म्हणत नाही. पण तिकीट हरवलं म्हणून रात्री दोन वाजता कुणी उतरायला सांगत असेल, तर घाबरून उतरू नका.

सुरक्षिततेचं काय?

हा प्रश्न खरा आहे. "काही होत नाही गं" असं मी कुणाला म्हणत नाही. मी स्वतः चार गोष्टी पाळते. नव्या गावात उजेडी पोचते. एस.टी.त पुढच्या बाजूला, कंडक्टरच्या नजरेत बसते. "एकट्याच का?" असं अनोळखी माणसानं विचारलं तर "पुढं माणसं आलीत घ्यायला" म्हणते, या एका खोट्याला माझी हरकत नाही. आणि एखादी जागा, रिक्षा किंवा माणूस मनाला पटलं नाही, तर कारण शोधत न बसता तिथून निघते. पैसे गेले तर गेले.

मदतीसाठी ११२, रेल्वेत १३९, बायकांसाठी १०९१. हे आकडे पाठ असू द्यात.

वाटेत काही चुकलं तर?

चुकतंच. माझं विजयपूरहून परतताना चुकलं. गाडीची पाटी कन्नडमध्ये. मी खिडकीतल्या एका माणसाला "सोलापूर?" विचारलं, त्यानं मान हलवली, मी चढले. ती होकाराची मान होती की नकाराची, हे मी बघितलंच नाही. तिकीट काढताना कंडक्टर म्हणाला, "इंडी, इंडी." म्हणजे गाडी इंडी गावची. वाटेतल्या एका फाट्यावर त्यानं मला उतरवलं आणि रस्त्याच्या पलीकडं बोट दाखवलं.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. फोन बंद पडलेला. मला एकच नंबर पाठ होता, घरच्या जुन्या लँडलाइनचा, आणि तो कधीच काढून टाकला होता. पहिली दहा मिनिटं मी नुसती घाबरले. पाणी प्यायला बाटली काढली तर झाकण उघडेना, इतके हात कापत होते. चहाच्या टपरीवर एक आजी होती. तिला मराठी येत नव्हतं. मी म्हणाले, "सोल्लापुर बस, एल्लि?" तिनं माझ्या हातातली पिशवी घेतली, बाकड्यावर ठेवली आणि मला शेजारी बसवलं. चहा दिला. पैसे देऊ लागले तर "बेडा, बेडा" म्हणत हात मागं ढकलला. चाळीसेक मिनिटांनी गाडी आली, तेव्हा तीच उठून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली हात करत.

घरी पोचायला नऊ वाजले. हे काठी टेकत गल्लीच्या तोंडाशी उभे होते. मी सगळं खरं सांगितलं. रागावले, मग जेवायला वाढलं. ह्यांनी मला ताट वाढून दिलं, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

त्या दिवसापासून गाडी कुठं जाते हे मी फक्त ड्रायव्हरला किंवा कंडक्टरला विचारते. घरचे तीन नंबर कागदावर लिहून पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवते. आणि पुढच्याच महिन्यात मी पुन्हा विजयपूरला गेले, त्याच रस्त्यानं. ते जाणं टाळलं असतं तर परत कधी गेले असते की नाही, सांगता येत नाही. त्या टपरीशी उतरले, आजीला शेंगाचटणीचा पुडा दिला.

दुसऱ्या राज्यात भाषेची अडचण येते का?

सोलापूरच्या माणसानं हा प्रश्न विचारावा? आपल्या शहरात मराठी, कानडी, तेलुगू, हिंदी, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येतात. कानडीत 'एष्टु' म्हणजे किती, 'एल्लि' म्हणजे कुठं, 'बेडा' म्हणजे नको. तेलुगूत त्यालाच 'एंत', 'एक्कड' आणि 'वद्दु'. या सहा शब्दांवर कलबुर्गी आणि हैदराबाद सहज निभतं. शेजारच्या पद्मशाली काकूंकडून मी एवढंच शिकून घेतलं होतं.

रात्रीचा मुक्काम कुठं करावा?

दिवसाच्या चार-पाच फेऱ्या झाल्याशिवाय मुक्कामाची घाई नको. तीर्थक्षेत्री भक्तनिवास सगळ्यात सोयीचं, पण काही ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत. म्हणून निघण्याआधी फोन करून "मी एकटी आहे, चालेल का?" असं स्पष्ट विचारा. मला एका गावात रात्री आठ वाजता ऐनवेळी नाही म्हणाले होते. तेव्हापासून मी आधी विचारल्याशिवाय निघत नाही. खोलीत गेल्यावर कडी आतून नीट लागते का ते बघा. लागत नसेल तर खोली बदलून मागा. मागायला लाजू नका, आपण पैसे मोजतो.

खानावळीत एकटीनं जेवायला लाज वाटते. काय करू?

मलाही वाटायची. घरात आपण सगळ्यांच्या नंतर, ओट्याशी उभ्यानं जेवतो. त्यामुळे कुणी ताट समोर आणून ठेवतंय आणि आपण एकट्या बसून खातोय, हे पचत नाही. सुरुवातीला मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून न्यायचे आणि स्टँडच्या बाकावर कोपऱ्यात बसून खायचे. पहिल्यांदा खानावळीत गेले तेव्हा मुलानं विचारलं, "काकू, भाकरी की चपाती?" मी सवयीनं म्हणाले, "काय असेल ते." तो तसाच उभा राहिला. त्याला उत्तर हवं होतं. मला काय आवडतं याचा विचार करायला मला खरंच वेळ लागला. "ज्वारीची भाकरी. आणि वांगं असेल तर वांगं."

मुलीला शिकायला एकटीला पुण्याला पाठवायचंय, भीती वाटते.

तिला तिकीट काढून देऊ नका, तिच्यासोबत जाऊन तिला काढायला लावा. बारावीच्या सुट्टीत दोन-चारदा अक्कलकोट-पंढरपूर एकटीनं करू द्या. एकदम पुण्याच्या स्टेशनावर सोडून आलं की ती पोरगी रोज रात्री फोनवर रडते आणि आपणही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत चढल्या तेव्हा नुकत्याच अठरा वर्षांच्या होत्या, आणि घरचं एकही माणूस सोबत नव्हतं. आपल्या मुलीच्या हातात फोन आहे, आणि हुतात्मा चारेक तासांत पोचवते.

एक मात्र करा. वाटेत काही चुकून तिनं फोन केला, तर पहिलं वाक्य "तरी मी सांगत होते" असं नको. ते ऐकलं की पुढच्या वेळी अडचणीत ती फोनच करत नाही.

पुरुषांना याचा काही उपयोग आहे का?

आहे. पुरुष एकटे हिंडतात, पण बहुतेकदा कामासाठी, आणि पिशवी दुसऱ्यानं भरलेली असते. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ बायको गेल्यावर वर्षभर घराबाहेर पडले नाहीत. औषधं कुठली, कधी घ्यायची, स्वेटर कुठं ठेवलाय, सगळं त्यांना तिच्याकडूनच कळायचं. मी त्यांना पिशवी स्वतः भरून एक दिवस अक्कलकोटला जाऊन यायला सांगितलं. औषधाचा डबा विसरले, तिथं दुकानात जाऊन गोळीचं नाव आठवून घेतली. ते नाव आठवलं याचा त्यांना किती आनंद झाला होता! अजून दर गुरुवारी जातात.

परत आल्यावर खरंच काही बदलतं का?

एका फेरीनं नाही. माझं हळूहळू बदललं, आणि प्रवासाशी संबंध नसलेल्या ठिकाणी बदललं. गणवेशाचं कापड आधी हे आणायचे, मी फक्त शिवायचे. विजयपूरच्या दुसऱ्या फेरीनंतर मी स्वतः व्यापाऱ्याकडं गेले. त्यानं ताग्याचा भाव सांगितला. मी गप्प उभी राहिले, कापड बोटांत चोळून बघितलं आणि म्हणाले, "याला एवढे नाही देणार." घसा खाकरावा लागला नाही. बँकेत फॉर्म भरताना आता मी मुलाला शेजारी उभं करत नाही. डॉक्टरांनी ह्यांच्याकडं बघत माझ्या दुखण्याबद्दल विचारलं, तर उत्तर मी देते.

पिशवीत काय घ्यावं?

कमी घ्या. जी पिशवी स्वतः उचलून एस.टी.त चढता येत नाही ती जड. ओळखपत्र, सुटे पैसे वेगळ्या कप्प्यात, थोडे पैसे ब्लाउजच्या आत, रोजची औषधं, पाण्याची बाटली, फोनचा चार्जर, आणि नंबर लिहिलेला तो कागद. थंडीत सोलापुरी चादर मी कधीच विसरत नाही. अंगावर होते, बाकावर अंथरायला होते, रात्रीच्या गाडीत उशाला होते. कडक भाकऱ्या दोन जास्त घ्या. गाडी उशिरा आली तर उपयोगी पडतात, आणि शेजारी एखादी पहिल्यांदाच निघालेली बसली असेल तर तिला देता येतात. तिकीट मुठीत घट्ट धरलेलं असतं, त्यावरून ओळखू येते.